एकशे बारा बाइट

प्रिय वन्सं,

या हाकेला तू नेहमी नाक मुरडायचीस. "वहिनी, तू मला वन्सं म्हणालीस की मी एकदम पन्नाशीची होते," असं म्हणायचीस, आणि मग मी मुद्दाम चारचौघांत, ऑफिसच्या जिन्यातसुद्धा, तीच हाक मारायचे. आज ती थट्टेने लिहिलेली नाही. तुला नावाने हाक मारायचा हक्क माझ्याकडे उरलाय की नाही याची खात्री नाही, म्हणून नात्याची हाक मारतेय.

आधी घरची खबर. दादाचा खांदा आता बरा आहे. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तो करत नाही आणि केले म्हणून मला सांगतो. गॅलरीतल्या दोन कुंड्या वाळल्या. वरच्या मजल्यावरचे आजोबा अजूनही आपल्या दारातला पेपर उचलून आधी स्वतः वाचतात आणि अर्धवट सुटलेलं शब्दकोडं तसंच ठेवून परत आणून टाकतात. तुझी खोली तू गेलीस तशीच आहे. हे वाक्य लिहून मी जरा थांबले, कारण ते तितकंसं खरं नाही. तू इथे असतानाच मी ती एकदा उघडून पाहिली होती, तुझ्या माघारी. त्याबद्दल पुढे लिहीन.

जे घडलं ते मी पहिल्यापासून लिहिणार आहे. त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे, काही तर माझ्यापेक्षा जास्त. तरी लिहिते, कारण गाळत गेले तर मी नेमकं माझ्या सोयीचं गाळेन. तेवढं मी आता स्वतःला ओळखते.

तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, एक ट्रंक आणि एक टेबलपंखा घेऊन. मी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जुना पंप उघडून बसायचे आणि तू समोर बसून बघायचीस. नळीतून औषध मोजून सोडणारा, इस्पितळात खाटेशेजारी उभा असतो तो पंप. त्याच्या पोटात एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि ती मी लिहिते, हे कळल्यावर तू पहिला प्रश्न विचारलास, "मग ती तू पंपावर बसून लिहितेस?" मी तुला समजावलं की पंप इतका दुबळा असतो की त्याच्यावर काहीच तयार करता येत नाही. आपल्या मोठ्या यंत्रावर ती सिस्टीम तयार करायची, पण पंपाच्या प्रोसेसरला कळेल अशा भाषेत, आणि तयार झालेली फाइल त्याच्यात भरायची. आपण जे करतोय ते आपल्या यंत्रावर चालणारच नाही; चालणार दुसरीकडे, आपल्या डोळ्यांआड. आमच्या धंद्यात याला क्रॉस-बिल्ड म्हणतात. आपले पंप तीन पिढ्यांचे, तिघांचे प्रोसेसर तीन जातींचे. म्हणजे लिहायचं एकदा आणि बिल्ड करायचं तीनदा.

आठवतं तुला, सगळ्यात जुन्या पंपासाठी तू स्वतः केलेला पहिला बिल्ड? पडद्यावर फक्त एक हा आकडा दाखवायचा होता. तो जुना प्रोसेसर आकडे उलट्या टोकाकडून वाचतो हे मी तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं. पंपाने दाखवलं एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा. तू इतकी हसलीस की दादा आतून धावत आला. पुढे कित्येक महिने चहात साखर किती चमचे असं विचारलं की तू तोच आकडा, न अडखळता, पाठ म्हणून दाखवायचीस. तू या कामात येणार हे मला त्याच दिवशी कळलं होतं. शिकून झाल्यावर तुला कंपनीत मीच आणलं. साहेबांना म्हणाले, घरची आहे म्हणून सांगत नाही, काम बघा. साहेबांनी बघितलं आणि वर्षभरात तुला माझ्या शेजारचं टेबल दिलं.

मग आपल्या दोघींचा तो नियम झाला. पंपाच्या सिस्टीमची नवी आवृत्ती निघाली की ती मी माझ्या यंत्रावर बिल्ड करायची, तू तुझ्या यंत्रावर, एकमेकींकडे न बघता. प्रत्येक फाइलीचा चौसष्ट अक्षरांचा एक ठसा निघतो. फाइलीत एक टिंब जरी बदललं तरी अख्खा ठसा बदलतो. तुझा ठसा आणि माझा ठसा अक्षरन् अक्षर जुळला, तरच खाली दोघींची सही आणि फाइल इस्पितळांकडे रवाना. कोणी मधल्यामध्ये काही घुसवलं तर ते दोघींच्याही यंत्रात एकसारखं घुसवणं कठीण, हा त्यामागचा विचार. चार वर्षं आपले ठसे जुळत होते. जुळल्यावर तू टेबलावर दोन बोटं आपटायचीस, मीही आपटायचे.

त्या गुरुवारी जुळला नाही. नव्या आणि मधल्या पंपाचे जुळले, जुन्याचा नाही. मी पुन्हा बिल्ड केला, माझा ठसा पुन्हा तोच आला. तुला करायला लावला, तुझा तोच आला, वेगळाच. दोन फाइली शेजारी शेजारी ठेवून फरक काढला तेव्हा एकशे बारा बाइट निघाले, सगळे एकाच जागी, सलग. तुला हाक मारून दाखवलं तर तू माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून हसत म्हणालीस, "तुझंच काहीतरी चुकलं असेल बघ." आणि खिशातला फोन वाजला म्हणून जिन्यात गेलीस.

फरक विखुरलेला असता तर मला काही वाटलं नसतं. वेळेचा शिक्का, फोल्डरचं नाव, असल्या क्षुल्लक गोष्टींनी फाइलीत इकडेतिकडे फरक पडतो, आपण दोघींनी असले शंभर फरक शोधून बुजवलेत. पण हे सलग होते, आणि मोटरच्या तक्त्यात होते. नळीतून औषध किती वेगाने जाईल ते ज्यावर ठरतं तो तक्ता. तिथे कोणी सहज हात लावत नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

आणि एकदा चुकचुकली की मग काय, वन्सं, जे बघावं त्यात तेच दिसायला लागतं. तुझं यंत्र नवीन आहे हे माझ्या त्याच दिवशी लक्षात आलं. जुन्याचा पडदा गेला म्हणून तू स्वतःचं नवं आणलं होतंस, आणि मला वाटलं, मला न सांगता. (तू सांगितलं होतंस. नाश्त्याच्या वेळी सांगितलं होतंस, मी फोनमधल्या बातम्या वाचत "हं" म्हणाले होते. दादाने मला याची नंतर आठवण करून दिली, आणि मग मलाही तुझ्या हातातला चमचा आठवला, तो तू माझ्याकडे रोखून बोलत होतीस.) तुझे फोन जिन्यात जाऊन का घ्यायचे? मी पाणी भरायला म्हणून उठायचे आणि जिन्याच्या दाराशी रेंगाळायचे. एकदा "त्यांना कळता कामा नये" एवढंच ऐकू आलं. एकदा "जुन्या पंपाचं काम मीच बघते" असं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीने आपल्यासारखाच पंप बाजारात आणला होता, तो मला त्याच आठवड्यात आठवला. तू मोटरच्या मोजमापांची फाइल मागे एकदा माझ्याकडून मागून घेतली होतीस तेही आठवलं. कशाला मागितली होती ते मात्र आठवलं नाही, आणि तुला विचारलंही नाही. विचारलं असतं तर तू सावध झाली असतीस, असं मी स्वतःला सांगितलं.

नऊ दिवस मी तुझ्यावर नजर ठेवली. घरात आणि ऑफिसात. तू जेवताना काय बोलतेस, काय बोलत नाहीस, कधी खाली बघतेस. दादाने विचारलं, "तुमच्या दोघींचं काही बिनसलंय का?" तर मी म्हणाले, कामाचा ताण आहे. एकदा जेवताना तू म्हणालीस, "वहिनी, त्या तक्त्याबद्दल मला एक शंका आहे," आणि मी लगेच, "शंका असेल तर ती ऑफिसात काढ, घरात काम नको." मला वाटलं तू चाचपून बघतेयस, मला किती कळलंय ते. तू मान हलवलीस आणि आमटीसाठी वाटी पुढे केलीस. तू काय सांगणार होतीस ते आजही मला माहीत नाही.

दहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, तू केस कापायला गेलीस आणि दादा दुरुस्तीला टाकलेली गाडी आणायला. मी तुझ्या खोलीत गेले. कपाट उघडलं. यंत्र तू बरोबर नेलं होतंस, त्याचाही मी अर्थ लावलाच. टेबलाच्या खणात तुझी निळी वही होती. तीत पानंच्या पानं प्रोसेसरच्या नोंदी, चित्रं, बाण, आणि शेवटच्या लिहिलेल्या पानावर, वर दुसरं काही नसताना, एकच ओळ, खाली दोनदा रेघ मारलेली. 'वहिनीला कसं सांगू?'

मी ती वही जशी होती तशी ठेवली. तुझ्या खाटेवर बसले, आणि उठताना चादर नीट केली. मला दुःख झालं असं लिहिलं तर तुला खरं वाटेल का? झालं. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं, ते मी त्या वेळी स्वतःशीही कबूल केलं नाही. मला बरं वाटलं होतं. मी बरोबर होते याचं.

सोमवारी साहेबांकडे मी गेले. तुला मी असं भासवलं की साहेबांनीच नोंदी तपासताना फरक पकडला. ते खोटं होतं. दोन फाइली, ते एकशे बारा बाइट लाल रंगवून छापलेले, सगळं फोल्डरमध्ये लावून मीच त्यांच्यासमोर ठेवलं. वहीबद्दल बोलले नाही, कारण मग खोलीबद्दल बोलावं लागलं असतं. साहेबांनी तुला बोलावलं. तू म्हणालीस, "फरक का आला मला माहीत नाही. दोन दिवस द्या, मी शोधून देते." साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणाले, "मी काय बोलणार, घरचं माणूस आहे."

त्या वाक्याइतकं बेमालूम काम मी आयुष्यात केलेलं नाही. त्याच्यात आरोप नव्हता, म्हणून त्याला उत्तरही देता येत नव्हतं. साहेबांना काय समजायचं ते समजलं. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मी टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत, मोठ्या यंत्रापाशी होते. काचेच्या दाराबाहेर तू आलीस, कार्ड लावलंस, दार उघडलं नाही. पुन्हा लावलंस. मग कार्ड पदराला पुसतात तसं ओढणीला पुसून तिसऱ्यांदा लावलंस. तुझी नजर माझ्यावर गेली आणि तू हसून दाराकडे बोट दाखवलंस, वहिनी जरा उघड, अशा अर्थाने. मी पडद्याकडे वळले. जणू काही वाचतेय. पडद्यावर काही नव्हतं, वन्सं, त्यावर फक्त काळी चौकट होती आणि तीत मागच्या काचेतली तू दिसत होतीस. तू बराच वेळ उभी होतीस.

त्यानंतरचे तीन आठवडे तू घरीच होतीस. आपण एका घरात किती व्यवस्थित एकमेकींना टाळलं. मी उठायच्या आधी तुझा चहा होऊन कप धुतलेला असायचा. मग एक दिवस तू दादाला सांगितलंस की एका शाळेत संगणक शिकवायचं काम मिळालंय, गाव लांब आहे. ट्रंक नव्हती आता, दोन बॅगा होत्या. दारात तू माझ्या पाया पडलीस. पूर्वी कधी पडली नव्हतीस, म्हणून मला तो टोमणा वाटला. त्यातही मला काहीतरी दिसलंच.

तू गेल्यावर सहा आठवड्यांनी मागच्या खोलीतलं, माझ्या बिल्डचं मोठं यंत्र बंद पडलं, कायमचंच. नवीन आलं. तू घेतलं होतंस त्याच जातीच्या प्रोसेसरचं, कारण आता बहुतेक तसलीच मिळतात. मी सगळं पुन्हा बसवलं, आणि यंत्र नीट बसलंय का ते बघायला तीच जुनी, वादातली आवृत्ती बिल्ड करायला घेतली. दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर कोणीतरी छपाई यंत्रात अडकलेल्या कागदावर वैतागत होतं. जुन्या पंपाचा ठसा पडद्यावर आला. मी फोल्डर काढून शेजारी धरला. माझा ठसा नव्हता तो. तुझा होता. मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, चौसष्टच्या चौसष्ट.

पहिला विचार काय आला सांगू? तू जाण्याआधी या नव्या यंत्रातही काही करून ठेवलंस की काय. यंत्र त्या दिवशी सकाळीच खोक्यातून निघालं होतं, आणि तू तेव्हा दोनशे मैलांवर फळ्यासमोर उभी होतीस. तरी आला. मी तो विचार मुद्दाम लिहून ठेवतेय.

मग शोधायला बसले. दोन दिवस लागले. तू दोनच दिवस मागितले होतेस. जुन्या पंपाच्या मोटरचा तक्ता आपण हाताने लिहीत नाही. तो बिल्ड चालू असताना तयार होतो: एक छोटा प्रोग्रॅम मोजमापांची फाइल उघडतो, एकेक बाइट वाचतो, त्यावर थोडा हिशेब करतो आणि तक्त्यात आकडा भरतो. हा प्रोग्रॅम पंपावर चालत नाही, आपल्याच यंत्रावर चालतो, बिल्डच्या पोटात. आणि तिथेच गाठ होती. मोजमापातला बाइट कसा वाचायचा, त्याच्यात उणे आकडा असू शकतो की नाही, हे त्या प्रोग्रॅमात लिहिलेलंच नव्हतं. लिहिलं नाही की यंत्र आपल्या जातीच्या रिवाजाप्रमाणे ठरवतं. तुझ्या नव्या यंत्राने दोनशे म्हणजे दोनशेच वाचलं. माझ्या जुन्या यंत्राने त्याच दोनशेला उणे छप्पन्न वाचलं. एकशे सत्तावीसपर्यंत दोघांचं एकमत, त्याच्यापुढे नाही. मोजमापांच्या फाइलीत एकशे सत्तावीसच्या वरचे आकडे मोजले. एकशे बारा.

म्हणजे तुझा बिल्ड बरोबर होता आणि माझा चूक. तेव्हाचाच नव्हे, पहिल्या दिवसापासून. चार वर्षं आपले ठसे जुळले ते आपली यंत्रं एकाच जातीची होती म्हणून; आपण दोघी एकच चूक करत होतो आणि टेबलावर बोटं आपटत होतो. बाइट वाचणारी ती ओळ कोणी लिहिली ते बघितलं. वर नाव होतं, तारीख होती. अकरा वर्षांपूर्वीची, तू घरात पाऊल ठेवायच्या आधीची. माझी.

मी कपाटातून जुना पंप काढला, पाण्याची पिशवी टांगली, खाली मोजपात्र ठेवलं. माझी फाइल भरून पूर्ण वेगाने सोडला, तर चौथ्या मिनिटाला मोटर एकदम मंदावली, पंपाला वाटलं नळीत अडथळा आहे, आणि तो अलार्म वाजवून थांबला. तुझी फाइल भरली, पिशवी रिकामी होईपर्यंत चालला. मी तो प्रयोग पाच वेळा केला. पाचही वेळा तसंच व्हावं असं मला वाटत नव्हतं.

मग मी इस्पितळात गेले, जिथे आपले सगळ्यात जास्त जुने पंप आहेत तिथे. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांना विचारलं, हा पंप पूर्ण वेगाने सोडला की काही त्रास देतो का? त्या म्हणाल्या, "त्रास? आम्ही याला रडूबाई म्हणतो. जरा पळवला की रडायला लागते. आता कोणी पळवतच नाही." मी विचारलं, तक्रार का नाही केली? "केली की, तीनदा. तुमच्याकडून उत्तर आलं, नळी बदला." ते उत्तर मी लिहिलं होतं, तिन्ही वेळा. मग त्यांनी सांगितलं की एकदा एका माणसाला भरभर सलाईन द्यायचं होतं, पंप रडून थांबला, दुसरा मिळेना, तेव्हा त्या पाऊण तास पिशवी हाताने दाबत उभ्या होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "वाचला हो तो. बसा तुम्ही, पाणी देऊ का?"

साहेबांना सगळं सांगितलं, या वेळी काहीही लाल न रंगवता. सगळ्या इस्पितळांना पत्रं गेली, तीनशे चाळीस पंपांत बरोबर फाइल भरून झाली, शेवटचा परवा. आता कुठल्याही आवृत्तीवर माझी सही शेवटची नसते; ती साहेबांनी काढून घेतली आणि मी हरकत घेतली नाही. तुझ्याबद्दल साहेब म्हणाले, "तिला परत बोलवा." मी म्हणाले, मी कुठल्या तोंडाने बोलावू. ते म्हणाले, "तोंडाने जमत नसेल तर लिहा." पण हे पत्र त्यासाठी नाही. त्यांचं बोलावणं तुला वेगळं येईल, त्यावर काय करायचं ते तुझं तू ठरव.

दादाला मी प्रोग्रॅममधल्या माझ्या त्या ओळीबद्दल सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, आता सांगायला हरकत नाही. तू दुसरीकडे नोकरी शोधत होतीस, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. जिन्यातले फोन ते. कळता कामा नये ते मला, कारण मी तुला इथे आणलं, शिकवलं, आणि माझ्या शेजारचं टेबल सोडून जाताना माझं मन दुखेल असं तुला वाटत होतं. "आयुष्यभर वहिनीची नणंद म्हणूनच ओळखणार का मला," असं तू त्याला म्हणाली होतीस. वहीतली ती ओळही या नोकरीबद्दलच होती. आणि तो म्हणाला, "तिथे तिचं जवळजवळ ठरलं होतं. शेवटच्या मुलाखतीत एक प्रश्न अडला म्हणून गेलं. अजून त्याच प्रश्नाचा अभ्यास करत असते, परवा फोनवर मला समजावत होती." मी भाजी चिरत होते. चिरत राहिले.

तो प्रश्न तुला अडला म्हणून नोकरी गेली नाही, वन्सं. तुझं कार्ड बंद झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मला एक फोन आला. एका बाईंचा, त्या कंपनीतून. तुझ्या अर्जात विचारपूस करायची असल्यास म्हणून तू माझं नाव दिलं होतंस. मला वाटतं, मला सांगायची हिंमत होईल तेव्हा सांगशील आणि तोपर्यंत फोन येणार नाही, असा तुझा हिशेब असावा. त्या म्हणाल्या, मुलगी आम्हाला फार आवडली आहे, उद्या पत्र देतोय, फक्त रिवाज म्हणून विचारते. मला तेव्हाच कळलं की जिन्यातले फोन कशाचे होते. फोन हातात असताना, एका क्षणात, सगळं कळलं. तरी मी म्हणाले, "कामात हुशार आहे. पण तिने बिल्ड केलेल्या फाइलीवर मी सही करणार नाही." त्यांनी आभार मानून फोन ठेवला. हे दादाला माहीत नाही, साहेबांना नाही, आणि तू तर पाच महिने एका प्रश्नाचा अभ्यास करतेयस. ती ओळ चुकून लिहिली, अकरा वर्षांपूर्वी. हे वाक्य मी चुकून बोलले नाही. त्या बाईंना मी काल हेच सगळं लिहून पाठवलं आहे, सहीनिशी, त्याची प्रत सोबत आहे. हे पत्रही तुझ्याजवळ ठेव आणि जिथे दाखवावंसं वाटेल तिथे दाखव, म्हणून फोन न करता हाताने लिहिलं. ते टपालात टाकून घरी जाईन तेव्हा दादाला सांगेन. त्याच्या आधी तुला कळायला हवं होतं.

तुझीच (हा शब्द खोडावासा वाटला तर खोड),
वहिनी